लोणारचं गुलाबी तळं आणि दातावरचा पांढरा डाग

लोणार तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचं पत्र आलं आहे. आम्ल आणि आम्लारी शिकवताना त्यांनी विवरातल्या तळ्याचं पाणी वर्गात आणलं आणि तांबडा लिटमस त्यात बुडवून निळा करून दाखवला. पुढे दातांचा विषय निघाला. तोंडातल्या आम्लामुळे दात किडतात हे ऐकल्यावर एका मुलीनं विचारलं, "मग बाई, तळ्याच्या पाण्यानं चूळ भरली तर दात किडणारच नाहीत का?" वर्ग हसला. बाईंना मात्र प्रश्न सोडवेना, म्हणून त्यांनी तो इकडे पाठवला.

आधी सरळ उत्तर. तळ्याच्या पाण्यानं चूळ भरू नये. त्या पाण्याचा पीएच १०च्या आसपास असतो आणि एवढ्या तीव्र आम्लारी पाण्यानं तोंडातली नाजूक त्वचा चुरचुरते, सोलवटते. शिवाय गावाचं सांडपाणी तळ्यात शिरण्याचा प्रश्न थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला आहे. ते पाणी तोंडात घेण्यासारखं नाही. पण त्या मुलीचा तर्क पक्का आहे आणि तिला तसं कुणीतरी सांगायला हवं. आम्लाचा उतारा आम्लारी, हे तिनं बरोबर ओळखलं. फरक इतकाच की हा उतारा बाहेरून आणावा लागत नाही. लोणारच्या पाण्याला आम्लारी करणाऱ्या क्षारांपैकी बायकार्बोनेट आपल्या लाळेतही असतं, आणि दात शाबूत राहण्याचं बरंचसं श्रेय त्याचंच आहे.

त्या मुलीच्या गावातलं तळं हे दातांचं शास्त्र समजून घ्यायला जगातल्या उत्तम जागांपैकी एक आहे, असं मला मनापासून वाटतं. कसं ते पाहू.

दख्खनच्या काळ्या बसाल्टमध्ये उल्का आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर झालं. कधी, यावर अजून वाद आहे. एका पद्धतीनं वय ५० हजार वर्षांच्या आसपास निघतं, तर दुसरीनं पावणेसहा लाखांच्या घरात. १८२३मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. त्यानंतर दीडशे वर्षं बहुतेक भूवैज्ञानिक त्याला ज्वालामुखीचंच तोंड समजत होते. १९७३मध्ये इथल्या खडकांत मास्केलिनाइट ही प्रचंड आघातानंच तयार होणारी काच सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि वादाचा निकाल लागला. पण इथल्या क्षारांची ख्याती त्याहून कितीतरी जुनी. 'ऐन-ए-अकबरी'त लोणारचा उल्लेख येतो तो काच आणि साबण बनवायला लागणाऱ्या मालाबद्दल. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी इथल्या क्षारांच्या प्रकारांची नावं जुन्या नोंदींत आढळतात.

हे क्षार साचले कसे? पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बसाल्टमध्ये मुरतं आणि खडकातलं सोडियम, कॅल्शियम सोबत घेऊन झऱ्यांतून विवरात उतरतं. काठावरच्या धारेचं पाणी चांगलं गोडं आहे. तेच पाणी खाली तळ्यात गेलं की अडकतं, कारण तळ्याला बाहेर पडायला वाटच नाही. पाणी जातं ते फक्त वाफ होऊन, आणि क्षार मागे राहतात. कॅल्शियम चुनखडी होऊन तळाशी बसतं. सोडियम, क्लोराइड आणि कार्बोनेट-बायकार्बोनेट पाण्यात साठत जातात. शतकानुशतकं हे चाललं की सोड्याचं तळं तयार होतं.

आता जून २०२० आठवा. टाळेबंदीच्या त्या दिवसांत लोणारचं तळं एकाएकी गुलाबी झालं आणि त्याची छायाचित्रं जगभर फिरली. चमत्कारापासून प्रदूषणापर्यंत सगळे तर्क झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले तेव्हा कारण सापडलं हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांत. त्यांना दाट खारट पाणी मानवतं आणि त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांची भरभराट झाली. पावसानं पाणी पातळ केल्यावर ते ओसरले, रंगही गेला.

ते कुठून आले, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला होता. बाहेरून नवं कुणी यायची गरजच नव्हती. परिस्थिती पालटली तशी तळ्यातली सत्ता एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे गेली. दात किडतो तो नेमका याच रीतीनं. ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फिलिप मार्श यांनी १९९०च्या दशकात ही कल्पना नीट मांडली आणि आज दंतविज्ञानाचा मोठा भाग तिच्यावर उभा आहे. दाताची कीड म्हणजे बाहेरून आलेला शत्रू नव्हे. आपल्याच तोंडातल्या वस्तीचा बिघडलेला तोल आहे.

ही समज यायला फार काळ जावा लागला. दातात खरोखरची अळी असते आणि ती दात कुरतडते, असं जगातल्या अनेक संस्कृतींनी हजारो वर्षं मानलं. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे 'पाडून' दाखवणारे वैदू अजूनही अनेकांच्या आठवणीत असतील. १७२८मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं अशी अळी आपल्याला कधी दिसली नाही, हे स्वच्छ लिहून ठेवलं. त्याच्याही आधी, १६८३मध्ये, डेल्फ्टच्या लेव्हेनहुकनं स्वतःच्या दाढांमधला पांढरा मळ काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला होता. रोज सकाळी मिठानं दात घासणारा हा माणूस. दात स्वच्छ असल्याचा त्याला अभिमान होता. आणि त्या मळात त्याला दिसले वळवळणारे असंख्य जीव. जीवाणूंच्या मानवजातीला झालेल्या अगदी पहिल्या दर्शनांपैकी हे एक, आणि ते माणसाच्या दातावर झालं! १८९०मध्ये विलोबी मिलर या बर्लिनमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन दंतवैद्यानं पुढची पायरी गाठली. काढलेले दात त्यानं लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात ठेवले. जीवाणूंनी पावातल्या पिष्टाचं आम्ल केलं आणि दात मऊ पडले. चरबीत ठेवलेल्या दातांना काही झालं नाही.

दात कशाचा बनलेला असतो ते पाहिलं की आम्लाचं एवढं महत्त्व का, ते कळतं. बाहेरचं एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनानं त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचं हायड्रॉक्सीअॅपटाइट. दाढेच्या उंचवट्यावर त्याचा थर फार तर अडीच मिलिमीटर जाड. त्याच्या आत डेंटिन, म्हणजे हाडासारखा, पिवळसर, अतिसूक्ष्म नळ्यांनी भरलेला भाग. त्याच्याही आत रक्तवाहिन्या आणि नसांचा मगज. मुळावर एनॅमल नसतं, सिमेंटम नावाचं पातळ वेष्टन असतं. ते आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरचा तंतूंचा पदर असतो. दात हाडात पक्का रुतलेला नसतो. या तंतूंवर तोललेला असतो. घासात खडा आला की आपण दचकून थांबतो, ते या तंतूंतल्या संवेदनांमुळे.

एनॅमलची एक गोष्ट मात्र मनावर कोरून ठेवावी अशी आहे. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येण्याआधीच आपलं काम संपवतात आणि दात उगवताना नष्ट होतात. हाड मोडलं तर सांधतं, कातडी कापली तर भरून येते. एनॅमल पुन्हा बनत नाही. बालपणी बनलं तेवढंच जन्मभर पुरवायचं. म्हणून तर त्यात बालपणाच्या नोंदी राहतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव इथं डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलेल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत लहान मुलांचे सांगाडे सापडले. जॉन लुकाक्स आणि सु. र. वाळिंबे यांनी त्यांच्या दुधाच्या सुळ्यांवरच्या एनॅमलचे दोष तपासले आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या तान्ह्या मुलांवर हवामान आणि अन्नातल्या बदलांचा काय ताण पडला असेल, याचा शोध घेतला. मुलांची नावं, घरं, भाषा सगळं पुसलं गेलं, दात तेवढे साक्षीला उरले.

इतकं टिकाऊ खनिज, पण आम्लापुढे हतबल. तोंडाचा पीएच साधारण ५.५च्या खाली गेला की एनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागतात. पीएचची मोजपट्टी घातांकाची आहे, म्हणजे एका अंकाचा फरक दहा पटींचा. लोणारच्या तळ्याचा पीएच १०.५ धरला, तर त्याच्यात आणि दात विरघळण्याच्या या उंबरठ्यात आम्लतेचा फरक एक लाख पट भरतो. उघड्या पडलेल्या मुळाचा उंबरठा आणखी वर, ६.५च्या जवळपास. हिरड्या खाली सरकलेल्या आजी-आजोबांचे दात मुळाशी किडतात ते म्हणूनच. तरुण माणसाच्या दाताला जे आम्ल झेपतं, ते त्यांच्या मुळांना झेपत नाही.

इथं मला एका माणसाबद्दल थांबून लिहायचं आहे. त्याचं नाव दंतवैद्यकाच्या बाहेर कुणाला माहीत नसतं. रॉबर्ट स्टीफन. १९४०च्या सुमारास या अमेरिकन संशोधकानं एक प्रश्न विचारला, तो त्याआधी कुणी नीट मोजला नव्हता: गोड खाल्ल्यावर दातावरच्या मळात नेमकं काय होतं, आणि किती वेळात? त्यानं अँटिमनी धातूचं एक बारीक इलेक्ट्रोड बनवलं, इतकं बारीक की जिवंत माणसाच्या दातावरच्या मळात टेकवून पीएच वाचता यावा. मग माणसांना ग्लुकोजच्या पाण्याची चूळ भरायला लावली आणि काटा बघत बसला. पीएच दोन ते पाच मिनिटांत धाडकन ५च्या आसपास, काहींच्या बाबतीत त्याहून खाली उतरला. आणि परत वर यायला अर्धा तास ते तासभर लागला. त्यानं काढलेला तो आलेख आज जगभर 'स्टीफनची वक्ररेषा' म्हणून शिकवला जातो. दात का किडतात याचं उत्तर एका रेषेत मांडणाऱ्या या माणसाचं नाव शाळेच्या पुस्तकात का नसावं, हे मला आजवर कळलेलं नाही.

या रेषेत दोन गोष्टी दिसतात. खाली उतरणारी बाजू जीवाणूंची: साखर मिळाली की ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. वर चढणारी बाजू लाळेची. लाळेतलं बायकार्बोनेट आम्ल शमवतं आणि लाळेतलं कॅल्शियम, फॉस्फेट एनॅमलमध्ये परत बसू लागतं. म्हणजे दातावर दिवसभर झीज आणि भरपाई आळीपाळीनं चालू असते. चावताना लाळ वाढते आणि तिच्यातलं बायकार्बोनेटही वाढतं. जाड भाकरी, कच्चा कांदा, मुळा, भाजलेले शेंगदाणे चावून खाणाऱ्याच्या तोंडात ही भरपाई आपोआप जोरात चालते.

वर्गातल्या त्या मुलीच्या तर्काला दुजोरा देणारा आणखी एक पुरावा आहे, तो दुःखद जागी सापडतो. मूत्रपिंडं निकामी झालेल्या मुलांच्या लाळेत युरिया जास्त असतो. तोंडातले काही जीवाणू युरियापासून अमोनिया बनवतात, तोंड आम्लारी राहतं आणि या मुलांचे दात इतरांपेक्षा कमी किडलेले आढळतात. मात्र त्यांच्या दातांवर कीटण, म्हणजे दगडासारखा घट्ट थर, जास्त चढतं.

स्टीफनचा आलेख समोर ठेवून आपला दिवस पाहा. सकाळचा चहा, सोबत बिस्किट. दहाला टपरीवर अर्धा कप. जेवणानंतर बडीशेप-गोळी. तीनला चहा, पाचला पाहुण्यांबरोबर पुन्हा चहा, रात्री दूध-साखर. दर वेळी आम्लाचा किमान अर्धा तास, म्हणजे तोंड दिवसातले तीन तास तरी दात विरघळवण्याच्या पातळीवर. एवढीच साखर जेवणाबरोबर एकदाच पोटात गेली असती तर हिशेब अर्ध्या-पाऊण तासावर थांबला असता. साखर किती खाल्ली यापेक्षा कितीदा खाल्ली, हे दाताला जास्त भोवतं. हे सिद्ध झालं स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या प्रयोगात. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही वर्षं तिथल्या मतिमंदांच्या संस्थेतल्या रहिवाशांना मुद्दाम गोड खाऊ घालण्यात आलं. जेवणांच्या मधल्या वेळात चिकट टॉफ्या खाणाऱ्यांचे दात सर्वांत जास्त किडले. त्यातून मिळालेलं ज्ञान खरं आहे. पण ज्यांना नकार देता येत नव्हता अशा माणसांचे दात त्यासाठी नासवले गेले, हेही प्रत्येक वेळी सांगितलं पाहिजे.

आणि रात्र. दिवसभरात साधारण अर्धा ते एक लिटर लाळ तयार होते आणि गिळली जाते. झोपेत हा प्रवाह जवळजवळ थांबतो. ज्या तळ्याला वाट नाही त्यात साचलेलं साचतच जातं, तसं रात्री तोंडाचं होतं. जेवणाचे कण तसेच ठेवून झोपणाऱ्याच्या दातांवर आम्ल तासन्‌तास बसून राहतं आणि शमवायला लाळ नसते. आपल्याकडे सकाळी दात घासण्याचा संस्कार पक्का आहे. रात्रीचा नाही. दिवसातून एकदाच दात घासायचे ठरवले तर शास्त्र रात्रीच्या बाजूनं कौल देईल. बाळाच्या तोंडात दुधाची बाटली ठेवून त्याला झोपवणं तर त्याच्या वरच्या पुढच्या दातांसाठी घातकच. रक्तदाब, अॅलर्जी, नैराश्य यांवरच्या काही औषधांनी लाळ कमी होते. अशी औषधं चालू असणाऱ्यांनी दातांकडे दुप्पट लक्ष द्यावं.

झीज भरपाईपेक्षा जास्त होऊ लागली की पहिली खूण दिसते ती खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग, बहुधा हिरडीलगत. अजून खड्डा पडलेला नसतो, दुखत तर मुळीच नाही. लोक इकडे लक्ष देत नाहीत आणि हीच तर हातात असलेली वेळ असते. पावसानं लोणारचा गुलाबी रंग गेला तसा हा डाग मागे फिरू शकतो: साखरेच्या खेपा कमी केल्या, मळ रोज काढला आणि फ्लोराइड मिळालं तर. एकदा पृष्ठभाग कोसळून खड्डा पडला की मात्र तो आपला आपण भरत नाही. कीड मऊ डेंटिनमध्ये शिरते, त्याच्या नळ्यांतला द्रव हलू लागतो आणि गार पाण्यानं ठणका उठतो. तोवर दंतवैद्याकडे जाण्याचा स्वस्त आणि सोपा काळ निघून गेलेला असतो.

फ्लोराइडबद्दल विदर्भात तरी अर्धवट बोलून चालणार नाही. एनॅमलमध्ये फ्लोराइड शिरलं की त्याचा विरघळण्याचा उंबरठा ५.५वरून ४.५च्या आसपास उतरतो, म्हणजे दात दहापट तीव्र आम्लाला तोंड देऊ शकतो. टूथपेस्टचा खरा गुण हाच. फेस, थंडावा आणि वास हे सगळं वरवरचं. पण हेच फ्लोराइड पिण्याच्या पाण्यात जास्त असेल तर लहानपणी, दात घडत असतानाच, एनॅमल बिघडतं आणि दातांवर पांढरे, पुढे तपकिरी पट्टे उमटतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हे दिसतं. प्रमाण फारच जास्त असेल तर हाडंही आखडतात. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५पर्यंत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यानं थोडं दाटच होतं. अशा गावात दोष बोअरच्या पाण्याचा असतो. पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि पाण्याचा स्रोत बदलावा. ब्रशवरची वाटाण्याएवढी पेस्ट थुंकून टाकणाऱ्यानं तिला घाबरू नये. आपल्या देशात टूथपेस्टमधलं फ्लोराइड दशलक्षात १००० भागांहून जास्त असू नये असा नियम आहे आणि ते प्रमाण वेष्टनावर छापावं लागतं. दुकानात उभं राहून ते वाचावं. 'नैसर्गिक' म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते मुळीच नसतं, म्हणजे कीड रोखणारा मुख्य घटकच गायब. आणि घासून झाल्यावर तोंडभर पाण्यानं खळखळून चूळ भरण्याची आपली सवय सोडावी. फेस थुंकावा आणि तेवढ्यावर थांबावं. खूप चुळा भरल्या की दातावर राहायला हवं होतं ते फ्लोराइड बेसिनमध्ये जातं.

आता आम्लारीची दुसरी बाजू. आत्ता वाचता वाचताच जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागे फिरवून पाहा. तिथं खरखरीत, दगडासारखं काही लागलं तर ते कीटण. ते नेमकं तिथंच का चढतं? जिभेखालच्या लालाग्रंथींची तोंडं तिथंच उघडतात. दुसऱ्या ग्रंथीचं तोंड गालाच्या आत, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर असतं, तिथंही बाहेरच्या बाजूनं कीटण साचतं. ताजी लाळ आम्लारीकडे झुकते आणि तिच्यातलं कॅल्शियम-फॉस्फेट दातावरच्या न घासलेल्या मळात घट्ट होतं. बोअरच्या पाण्यानं बादलीच्या आत पांढरी खपली धरते तसंच हे, आणि ती खपली फडक्यानं निघत नाही तसंच कीटणही ब्रशनं निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावं लागतं. कीटण काढल्यानं दात सैल होतात ही समजूत खोटी आहे. सैल झालेले दात आतापर्यंत कीटणाच्या आधारानं उभे होते, एवढंच त्यातून कळतं.

हिरड्यांचं म्हणाल तर १९६५मध्ये डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो यांनी केलेला प्रयोग एकदम साधा आणि निर्णायक आहे. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात बऱ्या झाल्या. ब्रशला रक्त लागलं म्हणून घासणं सोडणारे लोक नेमकं उलट करतात. रक्त येतंय तिथं मऊ ब्रशनं, हळुवार, पण जास्त वेळ फिरवायला हवं. मधुमेह असणाऱ्यांनी तर हे कधीच टाळू नये, कारण हिरड्यांची सूज आणि रक्तातली साखर एकमेकांना वाढवतात.

सध्या कोळशाच्या काळ्या टूथपेस्टची मोठी चलती आहे. राखुंडीवर वाढलेल्या पिढीला यात नवं काही वाटू नये. कोळसा किंवा राख दातावरचा डाग खरवडून काढते हे खरं, पण त्यासोबत एनॅमलही थोडं थोडं जातं. 'पांढराशुभ्र' दात हवा म्हणून ते झिजवलं की खालचं पिवळं डेंटिनच दिसू लागतं. या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

मिश्रीबद्दल तर मला राग आहे. भाजून दळलेली तंबाखू दातांना लावणं गावोगावच्या बायकांना 'दात घासणं' म्हणून शिकवलं गेलं. आईनं लावली म्हणून लेकीनं, सासूनं लावली म्हणून सुनेनं लावली. ती दात स्वच्छ करत नाही. हिरड्या खाली सरकवते, व्यसन लावते आणि कर्करोगाकडे नेते. तंबाखू मळताना चुना का लागतो, याचं कारणही या लेखाच्या विषयातच आहे: चुना तीव्र आम्लारी आहे आणि आम्लारी माध्यमात निकोटीन मोकळं होऊन तोंडाच्या त्वचेतून झपाट्यानं रक्तात उतरतं. पूर्व विदर्भातला खर्रा, सगळीकडचा गुटखा, सुपारी यांनी तोंड कायमचं आखडतं, बोटभरही उघडत नाही. राज्यात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तरी दर चौकात तो मिळतो. प्रशासनानं हे रोज पाहून न पाहिल्यासारखं करणं थांबवलं पाहिजे.

आता एक काम पालकांसाठी. घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर त्याला उजेडात बसवा, तोंड उघडायला लावा आणि मोबाइलची विजेरी आत धरा. मधोमधपासून मागे मोजत जा. पाच दात झाल्यावर सगळ्यात मागे एक मोठी, रुंद, नवी दाढ उगवलेली किंवा उगवत असलेली दिसेल. ही कायमची दाढ आहे. तिला जागा द्यायला कुठला दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे ती गुपचूप येते आणि जवळजवळ प्रत्येक घरात दुधाची समजली जाते. 'पडणारच आहे' म्हणून किडू दिली जाते. तिच्या माथ्यावरच्या घळी इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस तळापर्यंत पोचत नाही. त्या घळी दंतवैद्य एका पातळ लेपानं बंद करू शकतात. दुखत नाही, टोचावं लागत नाही आणि काम काही मिनिटांत होतं. ज्या गावात दंतवैद्य नाही तिथल्या पालकांनी आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दंतविभाग कोणत्या दिवशी असतो याची चौकशी करावी, आणि नसेल तर तो मागून घ्यावा. शाळांनीही आरोग्य तपासणीच्या दिवशी पहिली-दुसरीच्या मुलांची ही एक दाढ आवर्जून पाहायला सांगावी. ही दाढ साठ-सत्तर वर्षं चावायची आहे आणि तिचं एनॅमल पुन्हा मिळणार नाही.